गुरुवारची दुरुस्ती

जगन्नाथराव ढोमण्यांच्या घरातला नळ कधी दुरुस्त होतो, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. गुरुवारी, संध्याकाळी सहा ते आठ. ठाऊक नव्हतं ते एकट्या जगन्नाथरावांना, कारण तेवढा वेळ ते दत्ताच्या मंदिरात आरतीला बसलेले असत.

त्यांच्या समजुतीप्रमाणे नळ दुरुस्त व्हायचा तो मंगळवारी, नाहीतर शनिवारी, म्हणजे ते स्वतः पाना घेऊन बसत तेव्हा. छत्तीस वर्षं फॅक्टरीत फिटर होते. कांचघर मोहल्ल्यात घर बांधलं तेव्हा पाइपाचा एकेक तुकडा त्यांनी आपल्या हातानं कापला, आटे आपल्या हातानं पाडले आणि प्लंबर नावाच्या माणसाला उंबरा ओलांडू दिला नाही. "ज्याले फिटर होता येत नाही तो प्लंबर होते," असं ते म्हणत, आणि म्हणताना समोर प्लंबर उभा आहे की काय, हे बघत नसत.

त्यांची पद्धत ठरलेली होती. आट्यांवर सुतळीचे धागे गुंडाळायचे, वरून सफेद्याचा लेप द्यायचा आणि मग अठरा इंची पाइप पाना लावून आवळत सुटायचं. लोखंडाचं एक बरं असतं, ते सांगतं. पान्याच्या दांड्यातून तळहाताला कळतं की आता बस. जगन्नाथरावांचा तळहात हे ऐकण्यात इतका तरबेज होता की बोलणाऱ्या माणसांचं ऐकायची त्यांना फारशी गरज पडली नव्हती.

सहा वर्षांपूर्वी ते लोखंड गेलं. गंजलेली लाइन काढून मुलानं, प्रसन्ननं, ठेकेदार लावून घरभर प्लास्टिकचे पाइप टाकून घेतले. ते आठ दिवस जगन्नाथराव घराबाहेर खुर्ची टाकून बसले होते, आत कुणाचं ऑपरेशन चालू असल्यासारखे. प्लास्टिक काही सांगत नाही. आतून सुतळी फुगते, वरून पाना फिरतो, ते मुकाट्यानं फिरू देतं, आणि केसाएवढी चीर पडते ती दुसऱ्या दिवशी ओली दिसते.

ती दिसायची अर्चनाताईंना. नवऱ्याला नाही, कारण त्यांचे गुडघे खाली वाकत नव्हते आणि एकदा केलेलं काम पुन्हा बघणं हा त्यांना स्वतःचा अपमान वाटे. अर्चनाताई चिरेवर चिंधी बांधत, खाली वाटी ठेवत, ती वाटी दिवसातून आठदा ओतत आणि गुरुवारची वाट बघत. गुरुवारी जगन्नाथरावांची ई-रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली की हार्डवेअरच्या दुकानाबाहेर सायकल लावून बसलेला विष्णू उठे. पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा प्लंबर. तो सुतळीचा गोळा खरवडून काढी, फुटलेला तुकडा बदली, पांढऱ्या टेपाचे दहा वेढे देई, हातानं आवळी आणि वर पाव फेरा. निघताना सुतळी स्वतःच्या खिशात कोंबून नेई. कचऱ्याच्या डब्यात टाकली तर बाऊजींना, म्हणजे जगन्नाथरावांना, दिसेल, हे त्याला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

आता एवढा खटाटोप कशासाठी, तर घरासाठी.

चार वर्षांपूर्वी जगन्नाथराव स्टुलावरून पडले होते. फार लागलं नाही, पण हैदराबादहून प्रसन्न आला आणि जाताना त्यानं आईला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "आई, देख, जोपर्यंत बाबांच्यानं घर सांभाळलं जातं तोपर्यंत राहा. ज्या दिवशी नाही सांभाळलं जाणार, त्या दिवशी घर विकायचं आणि तुम्ही दोघं माझ्याकडे यायचं. प्रॉमिस कर."

अर्चनाताईंनी कबूल केलं. प्रसन्नच्या चौदाव्या मजल्यावर त्या पूर्वी दोन महिने राहून आल्या होत्या. त्या दोन महिन्यांत त्यांना त्यांच्या नावानं एकानंही हाक मारली नव्हती. इथं पुढच्या खोलीत त्यांची मशीन होती. साडीला फॉल-पिको करून घ्यायला येणाऱ्या बाया दारातूनच "अर्चना दीदी, हो गई क्या?" म्हणून ओरडत आणि साडी न्यायच्या निमित्तानं तासभर बसून सासवांची, सुनांची सगळी हकिगत ओतून जात. हे सोडून जायचं नसेल तर बाबांच्यानं घर सांभाळलं जातंय, हे दर रविवारी फोनवर सांगणं भाग होतं. त्या सांगत. "परवा बाबांनी बेसिनचा नल बसवला. एकदम पक्का." आणि बाजूला बसलेले जगन्नाथराव लहान पोरासारखे खूश होत.

त्यांच्याकडे तर लेखी पुरावाच होता. फॅक्टरीतल्या सवयीनं ते एक रजिस्टर ठेवत. तारीख, बिघाड, काय केलं, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. एकतीस नोंदी. एकतीस वेळा शेरा 'ठीक'.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी ते झुरळांचं औषध टाकायला म्हणून सिंकखाली वाकले. गुडघ्यांनी नको म्हटलं, तरी एका हातानं ओटा धरून, दुसऱ्या हातात टॉर्च घेऊन वाकलेच. कोपऱ्यातल्या जोडावर प्रकाश पडला आणि आट्यांच्या कडेला काहीतरी पांढरं दिसलं.

त्यांनी नखानं ओढून पाहिलं. टेप होती.

मग त्यांनी रजिस्टर आणलं. एखादा ऑडिटवाला कपाटं उघडत जातो तसे ते घरभर फिरले, एकेका नोंदीपाशी थांबून, टॉर्च मारून, नखानं खरवडून. न्हाणीघर, संडास, बेसिन, मोटरचा जोड. अर्चनाताई बाजारातून परत येईपर्यंत तपासणी पुरी झाली होती. एकतीसपैकी अठ्ठावीस जोड बघता आले. त्यांतल्या सत्तावीसांवर पांढरी टेप. सुतळी उरली होती फक्त मागच्या अंगणातल्या नळावर, आणि त्या नळाला गेली दोन वर्षं कुणी हात लावला नव्हता.

अर्चनाताई पिशवी घेऊन आत आल्या तेव्हा ते मशीनपाशी बसले होते. रजिस्टर मांडीवर.

"कोण येते घरात?" त्यांनी विचारलं.

त्यांचा चेहरा आणि रजिस्टर बघून अर्चनाताईंना सगळं कळलं. पण चार वर्षांची सवय अशी लगेच जात नाही. "कोण येईन? दूधवाला येते, शेजारची अमिता येते..."

"टेप कोण लावते?"

पिशवीतली भाजी त्या परातीत काढू लागल्या. "विष्णू."

"तो सायकलवाला?"

"हाव."

"केव्हापासून?"

"तुमी स्टुलावरून पडले तेव्हापासून."

"सगळे?"

"सगळे नाही न. मागचा नाही."

जगन्नाथरावांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "गल्लीत कोणाकोणाले माहीत आहे?"

"अहो, आता ते काहून काढून राहिले..."

"म्हणजे सगळ्याइले."

"मी तुमच्यासाठीच केलं असं नाही म्हणत," अर्चनाताई म्हणाल्या. "माझ्यासाठी केलं. मले नाही राहायचं त्या चौदाव्या मजल्यावर. प्रसन्ननं काय म्हटलं होतं ते तुमाले मी सांगितलं नाही, आता सांगते." आणि सांगितलं.

हे ऐकून शहाण्या माणसानं काय केलं असतं? अर्चनाताईंचा अंदाज होता की हे आता दोन दिवस जेवणार नाहीत, चार दिवस बोलणार नाहीत, आणि मग गुरुवारी निमूट आरतीला जातील. नवरा इतकी वर्षं वापरातला असल्यामुळे त्यांचे अंदाज सहसा चुकत नसत. हा चुकला.

"म्हणजे घर माझ्या हातावर आहे, असं म्हणून राहिला तो," जगन्नाथराव म्हणाले. "ठीक आहे. करून दाखवतो."

गच्चीवरच्या काळ्या टाकीचा, पाणी बाहेर पडतं तिथला जोड महिनाभर पाझरत होता. तो रजिस्टरमध्ये आला नव्हता आणि विष्णूचाही हात त्याला लागला नव्हता, कारण त्यासाठी टाकी रिकामी करायला हवी होती. म्हणजे हे काम कुणाचंच नव्हतं, ज्यानं केलं त्याचं. दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला, जगन्नाथराव पाना तेलात पुसून बाहेर पडले, आणि मंदिराच्या दिशेनं न जाता हार्डवेअरच्या दुकानापाशी गेले.

विष्णू त्यांना बघून उभा राहिला. चार वर्षांत पहिल्यांदाच ते त्याच्या समोर येऊन थांबले होते.

"टंकी का जोड़ टपक रहा है," ते म्हणाले. "क्या करेगा?"

"बाऊजी, टंकी पहले पूरी खाली करनी पड़ेगी. फिर खोल के नया वॉशर, टेप... और हाथ से कसना है. फिर बस चौथाई."

"पानी दो दिन नहीं आएगा. पूरी टंकी बहा दूँ?" जगन्नाथराव म्हणाले.

दोन दिवस नळ बंद राहणार, हे सकाळीच नगरपालिकेवाले भोंग्यावरून सांगून गेले होते. विष्णू म्हणाला, "तो दो दिन रुक जाइए न, बाऊजी. मैं आ जाऊँगा."

हे शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं.

गच्चीवर जाऊन जगन्नाथरावांनी जोड नीट बघितला. उघडायची गरजच नव्हती. टाकीच्या बाहेरचा मोठा नट जरासा सैल होता, तेवढा आवळला की झालं. त्यांनी पाना लावला. हातानं आवळायचं, मग पाव फेरा. त्यांनी मोजून पाव फेरा दिला.

थेंब थांबला.

त्यांनी बोट फिरवून पाहिलं. रुमालानं पुसलं, वाट बघितली, पुन्हा बोट फिरवलं. कोरडं. खाली ओट्यापाशी उभ्या असलेल्या अर्चनाताईंना त्यांनी वरून हाक मारली, "ओ! बंद झालं! ये, पाहून जा!" त्या आवाजात इतका आनंद होता की अर्चनाताई पदराला हात पुसत जिन्याकडे निघाल्याच.

त्या येईपर्यंत जगन्नाथरावांनी आणखी एक पाव फेरा दिला. गरज नव्हती. पण फॅक्टरीत काम झाल्यावर शेवटचा एक झटका द्यायची रीत होती, खात्रीचा. हातानं तो आपोआप दिला. पाना फिरला, प्लास्टिक काहीच बोललं नाही, आणि मग काटकन आवाज होऊन अख्खा नट पान्यासकट त्यांच्या हातात आला.

हजार लिटरची भरलेली टाकी होती. दंडाएवढी धार त्यांच्या छातीवर बसली. त्यांनी दोन्ही तळवे भोकावर दाबून धरले, मग पाठ लावली, मग ओरडले. गच्चीची नाली कडुनिंबाच्या पाल्यानं तुंबलेली होती, आणि उतार जिन्याकडे. अर्चनाताई वळणाच्या पायरीवर होत्या तेव्हा वरून पाणी आलं, आणि त्यांचा पाय सुटला.

शेजारची अमिता आवाज ऐकून धावली. तिनं अर्चनाताईंना ऑटोत घालून नेलं, आणि नेतानाच चांगल्या मनानं प्रसन्नला फोन लावला. उजवं मनगट दोन जागी मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, प्लास्टर दीड महिना. त्यानंतरही सुईदोऱ्याचं बारीक काम होईलच असं सांगता येत नाही.

शुक्रवारी सकाळी विष्णू आला, यावेळी समोरच्या दारानं, न बोलावता. टाकीला नवा जोड बसवून तो खाली आला आणि जिन्यातलं, पुढच्या खोलीतलं पाणी वायपरनं बाहेर ढकलू लागला. मशीनपाशी तीन साड्यांचं बोचकं ओलं होऊन पडलं होतं. अर्चनाताई पलंगावर, हात गळ्यात. जगन्नाथराव खुर्चीवर.

फोन वाजला. अर्चनाताईंनी डाव्या हातानं उचलला आणि कानाशी धरायला जमेना म्हणून स्पीकरवर टाकला.

"आई, दुखून राहिलं का? झालं काय नेमकं? अमिता मावशी तर फक्त टंकी फुटली म्हणाल्या."

"अरे, तो प्लंबर," अर्चनाताई म्हणाल्या. एक क्षणही थांबल्या नाहीत. "बाबा म्हणून राहिले होते, मी करतो, मी करतो. मीच म्हटलं, कशाले गच्चीवर चढता. बोलावलं त्याले. आणि त्यानं तोडून ठेवली."

विष्णूचा वायपर थांबला.

"कोण प्लंबर? कुठला आहे?"

"हा काय, इथंच आहे. विचार त्याले."

विष्णूनं आधी अर्चनाताईंकडे पाहिलं, मग जगन्नाथरावांकडे. या गल्लीत त्याच्याकडे एक सायकल होती आणि चांगला कारागीर म्हणून नाव होतं. तिसरं काही नव्हतं. तो फोनजवळ येऊन म्हणाला, "हाँ भैया. मुझी से टूट गई. नया लगा दिया है."

"कमाल करते हो यार!" प्रसन्न बराच वेळ त्याच्यावर तापला. विष्णू "जी भैया, जी भैया" करत ऐकून घेत होता. शेवटी प्रसन्नचा आवाज खाली आला. "चलो. म्हणजे बाबांनी नाही केलं. मला तेच टेन्शन आलं होतं, आई. सांगू का, बाबाच बरे. दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नको. मी सुट्टी बघून एप्रिलमध्ये चक्कर मारतो, तोवर अमिता मावशींना म्हण, एखादी स्वयंपाकवाली..."

अर्चनाताईंनी डोळे मिटून घेतले. घर वाचलं होतं. मनगट गेलं होतं, मशीन बहुधा गेली होती, पण दार राहिलं होतं, आणि त्या दारातून ओरडणाऱ्या बाया.

"प्रसन्न," जगन्नाथराव खुर्चीवरून म्हणाले.

अर्चनाताईंनी डोळे उघडले. "अहो, तुमी बसा."

ते उठून पलंगापाशी आले. "प्रसन्न, यानं नाही तोडली. मी तोडली."

"बाबा?"

इथंही थांबता आलं असतं. एक टाकी फुटली, म्हातारपणी होतं असं, म्हणून मुलगा रागावला असता आणि एप्रिलमध्ये आला असता. अर्चनाताईंनी चांगल्या हातानं त्यांच्या बाहीला धरून ओढलं. पण जगन्नाथरावांना एकदा खरं बोलायला लागल्यावर थोडं बोलून थांबणं कसं जमणार?

"आणि ऐक. टंकीच नाही. चार वर्षांत मी एक नल दुरुस्त केला नाही. जे केले ते सगळे फुटले. सगळे या माणसानं केले, मी मंदिरात गेल्यावर. तुझ्या आईनं त्याले बोलावलं. दर रविवारी तुले जे सांगत होती ते काही खरं नव्हतं. एक नल माझा आहे, मागचा. तो कोणी वापरत नाही. बस. हे एवढं आहे."

फोनमध्ये मागं कुठंतरी लिफ्टची घंटी वाजली. मग प्रसन्न म्हणाला, "आई. दर रविवारी?"

अर्चनाताईंनी जगन्नाथरावांची बाही सोडली.

"ठीक आहे," प्रसन्न म्हणाला. आवाजात राग नव्हता, ते जास्त वाईट होतं. "बाबा, तुम्ही काही उचलू नका, काही करू नका. मी उद्या येतो. पॅकर्सवाल्यांचं मी बघतो. घराचं बोलायला एकजण आहे ओळखीचा, तिथंच राइट टाउनमध्ये, त्यालाही भेटून घेतो. आईला विचारून ठेवा, काय काय न्यायचं."

फोन बंद झाला. जगन्नाथरावांच्या चेहऱ्यावर, खोटं कशाला बोला, जरा हलकं झाल्याची कळा होती. त्यांनी विष्णूच्या खांद्यावर हात ठेवला. "तेरा नाम काहे को खराब होने दूँ?" विष्णूनं मान खाली घातली. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं, शाबासकीची वाट पाहावी तसं.

"झालं समाधान?" अर्चनाताई म्हणाल्या.

"खोटं नाही सहन होत मले."

"तुमाले बोलायचंच नव्हतं न. मी बोलली होती. हा बोलला होता. पोरगा हाव म्हणाला होता. तुमाले फक्त गप्प बसायचं होतं, तिथं, त्या खुर्चीवर. तेवढंही नाही झालं तुमच्यानं."

"अर्चना..."

"जा. बाहेर बसा जरा."

ते बाहेर गेले नाहीत. उभेच राहिले, कुठं ठेवावेत ते न कळलेले दोन हात घेऊन. अर्चनाताईंनी डाव्या हातानं ओल्या साड्यांचं बोचकं पलंगावर ओढून घेतलं आणि कुठली कुणाची ते बघून वेगवेगळ्या करू लागल्या, परत पाठवायला. एकीचा फॉल निम्माच लागला होता. त्यातली सुई त्यांनी शोधून काढली आणि उशीत टोचून ठेवली.

विष्णूनं शेवटचं पाणी उंबऱ्याबाहेर लोटलं. वायपर भिंतीला टेकवून तो थोडा वेळ घुटमळला.

"अम्मा, कल पानी आ जाएगा. मोटर चला के टंकी भर दूँ पूरी?"

"आधी ही भर दो, बहुत है, भैया," अर्चनाताई म्हणाल्या. "अब पूरी किसके लिए भरनी."